अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

१९८४ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज भरला. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी बावीस वर्षं ते लालबागच्या एका गिरणीत कामाला होते, पण तिथे लागताना अर्ज भरावा लागला नव्हता. गावाकडच्या ओळखीच्या जॉबरने भल्या पहाटे गेटवर उभं केलं, बदली कार्ड मिळालं, पुढे चारपाच वर्षांनी कायम झाले. आता समोर होता तो इमारतींना वॉचमन पुरवणाऱ्या एका एजन्सीचा छापील कागद. नाव, गाव, उंची, शिक्षण आणि शेवटी 'अनुभव'. वडिलांनी बराच वेळ पेन हातात धरून लिहिलं, 'गिरणी, २२ वर्षे'. टेबलापलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं, "रातपाळी केलीय?" वडील म्हणाले, केलीय. त्याने कोपऱ्यात 'अकुशल' असा शब्द लिहिला आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

बावीस वर्षांत ते जे काही शिकले होते, त्यातली एकच गोष्ट नव्या मालकाला उपयोगाची वाटली. हा माणूस रात्रभर जागा राहू शकतो.

हे पुस्तक त्या रकान्याबद्दल आहे. गेली अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी परळच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी लोकांना बायोडाटा लिहायला मदत करते. येणाऱ्यांत कारखाना बंद पडलेले असतात, मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधणाऱ्या बायका असतात, बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेली पोरं असतात, निवृत्तीनंतरही चार पैसे मिळवणं भाग असलेले असतात. खुर्ची पुढे ओढून बसले की बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "तसं मला काही विशेष येत नाही." सुरुवातीला मला तो विनय वाटायचा. आता तसं वाटत नाही. त्यांना जे येतं त्याला त्यांच्याजवळ नाव नसतं, आणि ज्याला नाव नाही ते रकान्यात लिहिता येत नाही.

वडिलांचंच बघा. ते रिंग खात्यात साइडर होते. साइडर म्हणजे सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमच्या बाजू सांभाळणारा कामगार. एका बाजूला चात्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक चातीवर धागा पिळला जातोय, गुंडाळला जातोय, आणि त्यातला कुठला ना कुठला सतत तुटतोय. साइडरने फेऱ्या मारत राहायचं, तुटलेला धागा हेरायचा आणि चाती क्षणभर थोपवून तो सांधायचा. बाकीचं यंत्र चालूच. हे हाताचं काम झालं. पण त्या हाताच्या मागे आणखी बरंच काही होतं. कुठली बाजू आज जास्त तुटतेय, ते का, हवा कोरडी झाली म्हणून की मागून आलेला कापूसच खराब म्हणून, हे त्यांना कळायचं. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. त्या दमटपणाचा अंदाज त्यांच्या कातडीला होता. सूत वीस नंबरचं की चाळीसचं, हे बोटांना कळायचं. चातीचा आवाज बदलला की फिटरला हाक मारायची की अजून एक पाळी निघेल, हे ते ठरवायचे. पाळी बदलताना पुढच्या माणसाला दोन वाक्यांत सगळी बाजू समजावून द्यायचे. नव्या बदलीवाल्याला हाताखाली घेऊन महिन्याभरात तयार करायचे. आणि हे सगळं अशा आवाजात, की बोलण्यापेक्षा हातवाऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागे.

वॉचमन झाल्यावरचा एक प्रसंग घरात अजून सांगितला जातो. वडील ज्या सोसायटीच्या गेटवर होते, तिथल्या पाण्याच्या पंपाचा आवाज त्यांना बिघडलेला वाटला. त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं, बेअरिंग जातंय, बघून घ्या. सेक्रेटरी हसले. तिसऱ्या दिवशी ऐन सकाळी पंप बसला आणि सात मजले बादल्या घेऊन खाली उतरले. त्यानंतर सोसायटीत काहीही कुरकुरलं की आधी वडिलांना बोलवायचे, लिफ्टपासून कुणाच्या तरी मिक्सरपर्यंत. पगार मात्र वॉचमनचाच राहिला. ही गोष्ट सांगताना वडील हसतात. मला अजून हसू येत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या साठेक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, असं आजही सांगतात. तो विरत गेला. १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, काही अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, आणि लाखाहून जास्त माणसं कायमची बाहेर फेकली गेली. या लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकायच्या असतील तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' वाचावं. संपाबद्दल, पुढाऱ्यांबद्दल, जमिनींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ती माणसं पुढे कुठल्या कामाला लागली हेही ठाऊक आहे: कुणी भाजी विकली, कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी रिक्षा घेतली, कुणी गावची शेती धरली, आणि पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या गेटवर उभे राहिले. पण त्यांच्या हातात काय होतं, त्यातलं किती त्यांच्याबरोबर गेलं आणि किती वाटेत सांडलं, या प्रश्नाकडे फारसं कुणी वळलं नाही. माझ्या शनिवारच्या खोलीत तोच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतो.

एका कामात शिकलेलं दुसऱ्या कामात नेता येतं, ही कल्पना 'कुशल' या शब्दाच्या पोटातच आहे. जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे कुश नावाचं धारदार गवत हात न कापता खुडून आणतो तो कुशल. पुढे गवताशी काही संबंध न उरता कुठल्याही कामातला तरबेज माणूस कुशल झाला. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेचं उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे, आणि साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला की बाबा रे, शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याचा वापर वेगळा. पंडितांचा वाद त्यांना लखलाभ. मला गंमत वाटते ती याची, की कौशल्याचं नाव असलेला शब्दच आपलं मूळ काम सोडून दुसरीकडे रुजू झाला आणि तिथे कायम झाला.

आधुनिक काळात या कल्पनेची पद्धत बसवली ती अमेरिकेत. तिथल्या कामगार खात्याने १९३९ साली देशातल्या हजारो धंद्यांचा एक जाडजूड कोश छापला. कोण काय काम करतो, याची नोंद त्यात होती. सिडनी फाइन या अभ्यासकाला त्या खात्यात काम करताना एक गोष्ट दिसली: धंद्यांची नावं अगणित असली तरी माणूस कामावर मुळात तीनच गोष्टींशी झटत असतो. एक, माहिती आणि आकडे. दोन, माणसं. तीन, वस्तू आणि यंत्रं. १९६५ च्या आवृत्तीत ही तीन अंगं त्या कोशाचा पायाच झाली. फाइनने कौशल्यांचेही तीन प्रकार पाडले. विशिष्ट धंद्यापुरतं ज्ञान, जसं चाळीस नंबरच्या सुताबद्दलचं. कुठेही चालणारी क्रिया, जशी तपासणं, शिकवणं, दुरुस्त करणं, समजूत घालणं. आणि तिसरा प्रकार म्हणजे स्वतःला कामाशी जुळवून घेणं: वेळेवर येणं, हुकूम पाळणं, जागरण सोसणं.

हे वाचलं तेव्हा मला त्या एजन्सीच्या टेबलावर नक्की काय झालं ते प्रथम समजलं. माझ्या वडिलांकडे तिन्ही प्रकार होते. विचारला गेला फक्त तिसरा.

या विचाराला घराघरांत पोचवलं ते रिचर्ड बोल्स या धर्मोपदेशकाने. १९६८ मध्ये पैशांच्या टंचाईमुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चमधली त्याची स्वतःची नोकरी गेली. नंतरच्या कामात त्याला कॉलेजांतून नेमलेले धर्मोपदेशक भेटू लागले, त्यांच्याही नोकऱ्या जात होत्या. प्रवचन, सांत्वन आणि समित्यांच्या बैठका यापलीकडे काही न केलेल्या या माणसांना बाहेर कोण घेणार? त्यांच्यासाठी त्याने १९७० साली पदरमोड करून एक पुस्तिका छापली. नोकरी शोधणाऱ्यांसाठीचं ते पुस्तक पुढे एक कोटीहून जास्त खपलं. त्याचा जन्म बेकारीतून झाला, एखाद्या व्यवस्थापन महाविद्यालयात नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हा विषय येतो तो बहुधा टाय लावलेल्या प्रशिक्षकाबरोबर, आणि मग 'सॉफ्ट स्किल्स' म्हणजे हात कसा मिळवायचा आणि इंग्रजीत हसायचं कसं, एवढंच त्यातून उरतं.

फाइनची तीन अंगं घेऊन मी माझ्या आईचं काम मांडून पाहिलं. आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यातच आमचं कुटुंब, आणि जेवायला सोळा ते वीस गडी. कोकणातले, घाटावरचे, कुणाला भात लागे, कुणाला भाकरी, कुणी श्रावण पाळी, कुणी नाही. पहिल्या पाळीचे डबे पहाटे, दुसऱ्या पाळीचं जेवण दुपारी, रातपाळीवाले सकाळी घरी येणार तेव्हा त्यांचं गरम. वस्तूंचं अंग झालं हे. आकड्यांचं अंग तिच्या लाल पाठीच्या वहीत होतं: महिन्याचा दर, प्रत्येकाचा खाडा, गावी गेलेल्याचे वजा दिवस, पाहुणा आला त्याचं जास्तीचं ताट, वाण्याची उधारी. आई चौथीपर्यंत शिकलेली. वहीत तिने काही खुणा स्वतः बनवल्या होत्या, आम्हाला त्या वाचता येत नसत. आणि माणसांचं अंग? पगाराच्या दिवशी गुत्त्याकडे वळणाऱ्याकडून आधी खानावळीचे पैसे काढायचे, तेही त्याचा अपमान न होता. आजच्या भाषेत याला वसुली व्यवस्थापन म्हणतात आणि त्याची पदविका मिळते.

गिरणगावात अशा खानावळवाल्या गल्लोगल्ली होत्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, पुढे गिरणगावात कामगार चळवळीत रमलेल्या या बाईंना दिसलं की कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका स्वतः सावकाराच्या व्याजात रुतलेल्या आहेत. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं. गरिबांना कर्ज द्या असं धोरणही होतं. पण कर्ज मागायला गेलेल्या बाईच्या हाती ना तारण ना दुकानाचा परवाना. मग बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्जं उचलली. पुढे त्यातून स्वयंपाकाची, जेवण पुरवण्याची मोठी कामं आली. नीट पाहिलं तर मंडळाने या बायकांना स्वयंपाक शिकवला नाही. तो त्यांना येतच होता. तो धंदा आहे, हे बँकेकडून कबूल करून घेतलं. त्याआधी सोळा वर्षं, १९५९ मध्ये, गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथेही पापड लाटणं नवीन नव्हतं. नवीन होता तो हिशेब, वजन आणि प्रत्येक पापड सारखा हवा हा आग्रह.

माझी आई मात्र मंडळात गेली नाही. संपात तिचे गडी गावी निघून गेले, चार महिन्यांची उधारी बुडाली, खानावळ बंद झाली. लाल वही तिने रद्दीत घातली. ती वही आज असती तर या पुस्तकात तिचं एक पान छापलं असतं.

इथे थांबून एक कडू गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पुस्तकही फसवं ठरेल. कौशल्य दुसरीकडे नेता येतं, एवढ्याने पोट भरतंच असं नाही. गिरणीतल्या विणकराचं काम भिवंडीच्या पॉवरलूमवर जसंच्या तसं चाललं असतं. माग तोच, ताणा-बाणा तोच. संपाच्या काळात मुंबईचं कापड भिवंडीत विणलं जात होतं, आणि काही विणकर पुढे तिथे गेलेही. कौशल्य पूर्णपणे पोचलं. पोचली नाहीत ती आठ तासांची पाळी, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा आणि युनियन. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. म्हणजे कौशल्य माणसाच्या अंगात राहतं, पण त्याची किंमत ज्या व्यवस्थेत ठरते ती व्यवस्था माणसाबरोबर स्थलांतर करत नाही. 'तुमची कौशल्यं ओळखा आणि नोकरी मिळवा' असं म्हणणारे हा भाग गाळतात, आणि मग नोकरी न मिळालेल्याला वाटतं की ओळखण्यात आपलंच काही चुकलं. वडिलांच्या वाट्याला आलेला 'अकुशल' हा शब्दही त्यांच्या अंगचा नव्हताच. किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनांमध्ये कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या असतात आणि त्या कामाला लावलेल्या असतात, माणसाला नव्हे. टेबलापलीकडच्या माणसाने कामाची पायरी माणसावर चिकटवली. असं रोज होतं.

एवढं मान्य करूनही मी हे पुस्तक लिहिते आहे, कारण दुसऱ्या बाजूचीही उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. टायपिंग इन्स्टिट्यूट आठवा. दादर, गिरगाव, पुण्याची नारायण पेठ, प्रत्येक तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ एक. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, शासनाची परीक्षा, आणि खिडकीतून रस्त्यावर येणारा तो कडकडाट. गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला घेतला आणि २००९ च्या सुमाराला शेवटचे काढले. त्याच्या पुष्कळ आधी, नव्वदीच्या दशकात, टायपिस्ट मंडळींच्या पोटात गोळा आला होता. कोर्टाबाहेर यंत्र घेऊन बसणारे म्हणत, आता संपलं. पण पुष्कळसे टायपिस्ट सरळ डीटीपीत गेले. एक कारण तांत्रिक होतं: श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचाच कळफलक निवडता येत होता, त्यामुळे बोटांना नवी वाट शिकावी लागली नाही. पण बोटं हे निम्मंच कारण. वकिलाचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लावणं, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांत खुपणं, मजकूर टाइप करण्याआधीच तो कागदावर कसा बसेल हे मनात दिसणं, दुसऱ्याच्या भानगडी वाचून विसरून जाणं, आणि 'पाच वाजता हवंय' म्हटल्यावर पाच वाजता देणं. हे सगळं त्यांच्याबरोबर आलं, आणि ते ज्याच्याजवळ नव्हतं, तो महागडा संगणक घेऊनही चालला नाही. आमच्या वाचनालयाचं पत्रक गेली वीस वर्षं अशाच एका माजी टायपिस्ट बाई करतात. संगणकाला त्या अजून 'मशीन' म्हणतात.

आता ज्या कारणासाठी लोक या पुस्तकाकडे येतील त्याबद्दल थोडं.

मराठी माणसाला स्वतःच्या कामाबद्दल बोलताना दोन अडचणी येतात आणि दोन्ही भाषेतच आहेत. पहिली म्हणजे 'आम्ही'. मुलाखतीत विचारलं की तुम्ही काय करत होता, तर उत्तर येतं, "आम्ही मग सगळा स्टॉक मोजायचो, आम्ही पार्टीला फोन करायचो." ऐकणाऱ्याला कळत नाही की मोजणारा हा होता की हा शेजारी उभा होता. 'मी' म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मीपणा हा शब्दच दुर्गुण म्हणून वापरला जातो. मोठी माणसं लहानपणापासून सांगत आलेली असतात, आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये. दुसरी अडचण विशेषणांची. बायोडाट्यात 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' हे तीन शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की ते आता नावापुढच्या कुमारी-श्रीमतीसारखे वाटतात, असले काय नसले काय. कुणी 'आळशी, लबाड' लिहिलेलं अजून पाहिलं नाही.

यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. मी समोरच्याला म्हणते, तुमच्या जुन्या कामाचा एक दिवस सांगा, सकाळी कुलूप उघडल्यापासून. विशेषण आलं की मी थांबवते. फक्त क्रियापदं. उघडलं, मोजलं, लिहिलं, ओरडले, समजावलं, थांबवलं, परत पाठवलं. मग प्रत्येक क्रियापदाला विचारायचं: किती, कुणाला, किती वेळात, आणि चुकलं असतं तर काय झालं असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. सासूबाईंच्या आजारपणात सहा वर्षं घरी असलेली एक बाई माझ्यासमोर 'गॅप' म्हणून रडवेली झाली होती. तिचा एक दिवस ऐकला. नऊ गोळ्या, चार वेगळ्या वेळा, इन्सुलिन, डायलिसिसचे वार, दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता औषधं लिहिणारे, मेडिक्लेमची फाइल दोनदा परत आलेली आणि तिसऱ्यांदा मंजूर करून घेतलेली. आम्ही ते जसंच्या तसं, आकड्यांसकट, अर्ध्या पानात लिहिलं. वरचा 'गृहिणी' हा शब्द तिने राहू द्यायला सांगितलं, आणि मला ते आवडलं. तिला एका खासगी रुग्णालयाच्या विमा विभागात काम मिळालं. तिथल्या साहेबांनी म्हणे एवढंच विचारलं, "तिसऱ्यांदा मंजूर कसं करून घेतलंत?"

आणखी एक वर्ग आपल्याकडे असा आहे जो इतर देशांच्या पुस्तकांत सापडणार नाही: गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते. पंचविशीतला पोरगा, नोकरीचा अनुभव शून्य, पण पाच वर्षं मंडळाचा खजिनदार. वर्गणीची पावतीपुस्तकं, पोलिसांची परवानगी, महापालिकेची परवानगी, मंडपाचा ठेका, जाहिरातदार, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा हिशेब, विसर्जनाच्या रात्री दीडशे पोरं आणि एक ट्रक. हे बायोडाट्यात कुठे असतं? शेवटच्या ओळीत, 'छंद: सामाजिक कार्य'. मी ते उचलून वर आणते. पण त्याबरोबर बजावतेही, की जमाखर्च दाखवता येत नसेल तर लिहू नकोस. मुलाखत घेणाराही कुठल्या ना कुठल्या मंडळाचा असतो. बचत गटाच्या सचिव, भिशी चालवणाऱ्या बायका, दिंडीची शिधासामग्री बघणारे, हे सगळे याच रांगेतले. आपल्या समाजात कामाचं शिक्षण नोकरीपेक्षा नोकरीबाहेर जास्त होतं, आणि कागदावर येतं फक्त नोकरीतलं.

आधी शिकलेल्याची दखल घ्यावी हे सरकारलाही उशिरा का होईना सुचलं आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, कुठेही न शिकता कामावरच शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. ही गोष्ट चांगली आहे. १९८४ मध्ये ती असती तर वडिलांच्या कागदावर निदान 'अकुशल' लिहिता आलं नसतं. मात्र माझा अनुभव असा की प्रमाणपत्र वाचणारा मालक अजून दुर्मीळ आहे. छोटे मालक ओळखीवर माणूस घेतात, मोठे मालक पदवी बघतात, आणि प्रमाणपत्र दोघांच्या मधल्या फटीत पडतं. म्हणून या पुस्तकातला एक प्रकरणभर मजकूर नोकरी देणाऱ्यांसाठी आहे. त्यांनी तो वाचावा अशी आशा आहे, खात्री नाही.

पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्यांना उद्याच मुलाखतीला जायचं आहे त्यांनी तिसरं प्रकरण काढावं. त्यात तेवीस कामांचे तेवीस दिवस आहेत, क्रियापदांसकट, एस.टी. कंडक्टरपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत. नमुना अर्ज मुद्दाम दिलेले नाहीत. नमुना दिला की लोक तोच उतरवतात, आणि पुन्हा सगळे मेहनती, प्रामाणिक, होतकरू होतात.

हस्तलिखिताचा पहिला वाचक वडील. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. भिंग घेऊन, पेन्सिल कानावर ठेवून, रोज चार पानं असं त्यांनी दीड महिन्यात वाचून काढलं. फार काही बोलले नाहीत. गिरणीच्या प्रकरणात जिथे जिथे मी 'धागा जोडणे' असं लिहिलं होतं, तिथे तिथे त्यांनी तो शब्द खोडला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जोडत्यात ती दोरी. धागा सांधायचा आसतो पोरी, गाठ दिसली न्हाई पायजे." आणि मग, भरलेली बॉबिनं काढणाऱ्या डफर पोरांबद्दल एक ओळही नाही, ती पोरं नसती तर साइड उभीच राहिली असती, हेही ऐकवलं. शब्द सगळीकडे दुरुस्त केला आहे. डफर पोरं चौथ्या प्रकरणाच्या शेवटी आली आहेत, वडिलांनी सांगितली तशी, दोन पानं.